अडवलेल्या माणसाचा साक्षीदार

रस्त्यावर पोलिसाने अडवलेला माणूस हा साहित्याचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न केला तर आपले बहुतेक समीक्षक तो वार्ताहरांकडे ढकलून देतील. परवाना, दंड, शिट्टी, लाठी ह्या गोष्टी त्यांच्या मते बातमीच्या आहेत, वाङ्मयाच्या नव्हेत. माझे म्हणणे नेमके उलट आहे. दलित आणि विमुक्त लेखकांनी गेल्या पन्नास वर्षांत जे लिहिले, त्यातला मोठा भाग अडवलेल्या माणसाने लिहिलेला आहे. त्या लेखनाचे मूल्यमापन करताना प्रस्थापित समीक्षेने त्यातली साक्षच बाजूला सारली.

प्रथम अडवणूक म्हणजे काय ते पाहू. वाशीम जिल्ह्यातले किन्हीराजा हे जुन्या नागपूर–औरंगाबाद रस्त्यावरचे गाव. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला, तोही आमच्या जिल्ह्यातून जातो. पण त्यावर दुचाकीला, रिक्षाला, ट्रॅक्टरला मज्जाव आहे. मोटारवाला समृद्धीने निघून जातो. मजूर, भाजीवाला, कॉलेजचा पोरगा आपली फटफटी घेऊन जुन्याच रस्त्याने जातो. कायद्याची आणि त्याची गाठ पडते ती ह्याच रस्त्यावर.

आणि कायदा काय सांगतो? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० प्रमाणे गणवेशातल्या पोलिसाने मागितला की परवाना दाखवावा लागतो. कलम १२९ प्रमाणे डोक्यावर हेल्मेट लागते. हे चुकले तर दंड होतो, परवाना निलंबित होतो, फार तर कोर्टात जावे लागते. ह्या कायद्यात लाठीला कुठेही जागा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही अटकेस विरोध झाला तरच आवश्यक तेवढे बळ वापरण्याची मुभा दिली आहे, आणि पळून जाऊ नये यासाठी लागेल त्याहून अधिक जखडू नये असे कलम ४६ मध्ये बजावले आहे. म्हणजे कागदपत्रे मागता मागता मारलेली थप्पड ही कायद्याची अंमलबजावणी नव्हे, ती मारहाण आहे. तरीही तामिळनाडूत तिरुचिरापल्लीजवळ मार्च २०१८ मध्ये, हेल्मेट नाही म्हणून अडवले असता न थांबलेल्या जोडप्याच्या दुचाकीला पोलीस निरीक्षकाने पाठलाग करून लाथ मारली आणि मागे बसलेली स्त्री प्राणाला मुकली. कायद्यात ज्या गुन्ह्याला दंड होता, त्याची शिक्षा रस्त्यावर मृत्यू झाली.

मग हा मारण्याचा अधिकार आला कुठून? तो जुना आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जातीजमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. त्यांच्यावर हजेरी लादली आणि ठरवून दिलेली हद्द ओलांडायची तर पास लागू लागला. आजचा परवाना माणसाला गाडी चालवता येते की नाही हे सांगतो. तो पास माणूस कोणाच्या पोटी जन्मला हे सांगत होता. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. परंतु १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यातले (आता त्याला महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात) कलम १२२ पाहा. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत चोर म्हणून ज्याचा लौकिक आहे असा माणूस रस्त्यावर रेंगाळताना आढळला आणि त्याला समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर तो शिक्षेस पात्र ठरतो. हा लौकिक ठरवतो कोण? खुलासा समाधानकारक आहे की नाही हे रात्री अकरा वाजता नाक्यावर पाहतो कोण? परवाना पाहून झाल्यावरही ‘गाव कोणते, आडनाव काय’ हे प्रश्न का येतात, त्याचे उत्तर ह्या इतिहासात आहे.

आता आपल्या साहित्याकडे वळू. अण्णाभाऊ साठे यांच्या ‘फकिरा’त (१९५९) हजेरीचा जाच आहे. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’त (१९८०) गाव मागे टाकत चाललेले कैकाड्याचे बिऱ्हाड आहे. त्याच्याकडे जो तो संशयाने पाहतो. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’त (१९८७) पोलीस घरात घुसतात, झडती घेतात, लहानथोर न पाहता मारतात. शेवटच्या दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले. पण त्यांची समीक्षा कशी झाली? ‘दाहक अनुभव’, ‘रांगडी भाषा’, ‘अस्सल जीवनदर्शन’ हे शब्द पुन्हा पुन्हा आले. मी मराठी शिकवतो. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत आजही हेच शब्द येतात, कारण गाईडात तेच छापलेले असतात. कोणत्या अधिकाराखाली झडती झाली, कोणत्या कलमाखाली मारले, नोंद कुठे झाली, हे प्रश्न वर्गात निघत नाहीत. कोर्टात ज्याला जबानी म्हटले असते, त्याला समीक्षेने अनुभव म्हटले. अनुभव म्हटला की त्याला दाद देता येते. जबानी म्हटली की तिच्यावर निर्णय द्यावा लागतो. प्रस्थापितांना दाद देणे सोयीचे वाटले यात नवल नाही. पण आपणही तोच शब्द उचलला, हे मला अधिक गंभीर वाटते.

दुसऱ्या बाजूला मारणाऱ्याची कथा मात्र पूर्ण माणूसपणासह सांगितली गेली. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ कथेवरून गोविंद निहलानींनी १९८३ मध्ये ‘अर्ध सत्य’ काढला. पटकथा विजय तेंडुलकरांची होती. व्यवस्था आतून कशी कुजली आहे हे तो प्रामाणिकपणे दाखवतो, त्याचे हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. अनंत वेलणकर या उपनिरीक्षकाचा बाप, त्याचे प्रेम, त्याची घुसमट, सारे आपल्याला कळते. त्याच घुसमटीत तो कोठडीतल्या एका किरकोळ चोराला जीव जाईपर्यंत मारतो. पण ह्या मेलेल्या माणसाची कथा चित्रपटाला सांगायची नाही. त्याचे मरण वेलणकरच्या आयुष्यातले एक वळण म्हणून येते. प्रेक्षक हळहळतो तो वेलणकरसाठी. पुढे २०११ च्या ‘सिंघम’मध्ये घुसमटही उरली नाही, मारणे हाच पराक्रम झाला. कायदेशीर प्रक्रियेला कंटाळलेला असा नायक-पोलीस समाजाला घातक संदेश देतो, असे मत मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये मांडले. त्या चित्रपटाला टाळ्या देणाऱ्यांत आपल्या वस्त्यांतली पोरेही असतात. मार खाणाऱ्याची बाजू पडद्यावर नसली की मार खाणाऱ्याचा पोरगाही मारणाऱ्याच्या बाजूने शिट्टी मारतो.

इथे साक्षीदाराचा मुद्दा येतो. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये नियम घालून दिला, की अटकेचा पंचनामा जागीच व्हावा आणि त्यावर कुटुंबातल्या व्यक्तीची किंवा त्या भागातल्या प्रतिष्ठित इसमाची साक्षीदार म्हणून सही असावी. डिसेंबर २०२० मध्ये त्याच न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला. दोन्ही निर्णय मोलाचे आहेत. पण नाक्यावर अडवणे म्हणजे अटक नव्हे, म्हणून तिथे अटकेचा कागद होत नाही. रस्ता म्हणजे ठाणे नव्हे, म्हणून ठाण्यातला कॅमेरा तिथवर पाहत नाही. आणि प्रतिष्ठित इसम आपल्या माणसासाठी रात्री रस्त्यावर थांबत नाही.

साक्षीदार असला की काय होते, हे रमाबाई नगरने दाखवले. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. लोक महामार्गावर उतरले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा माणसे मेली. जळणारे टँकर फुटण्याचा धोका होता म्हणून गोळ्या झाडल्या, असे समर्थन केले गेले. आनंद पटवर्धनांनी चौदा वर्षे खपून केलेल्या ‘जय भीम कॉम्रेड’ने (२०११) हे समर्थन तपासले, माणसांना बोलते केले, आणि ह्या हत्याकांडानंतर जीव देणाऱ्या शाहीर विलास घोगरेंना विस्मृतीतून बाहेर काढले. ह्या चित्रपटाचे कलामूल्य त्याच्या साक्षीतच आहे. साक्ष वेगळी काढून मागे राहणारे सौंदर्य मला तरी सापडत नाही.

आपल्या चळवळीलाही एक प्रश्न विचारला पाहिजे. १९७२ मध्ये दलित पँथरने अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेतले. १९६६ मध्ये ओकलंड शहरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ती संघटना उभी केली, तेव्हा तिचे पहिले काम काय होते? पोलिसांच्या गाडीमागे आपली गाडी घ्यायची, काळ्या माणसाला अडवले की कायद्याने मान्य अंतरावर उभे राहायचे आणि त्याला त्याचे हक्क वाचून दाखवायचे. त्यांच्या हातात बंदुका होत्या आणि कायद्याचे पुस्तकही होते. आपण त्यांच्याकडून त्वेष घेतला, आणि त्या त्वेषातून मोठी कविता जन्मली. पुस्तक घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहणे मात्र आपण घेतले नाही. बाबासाहेबांच्या अनुयायांना बंदुकीची गरज नव्हती. पुस्तक तर आपल्याच घरातले होते.

परभणीने हे कर्ज पुन्हा दारात आणले. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या धरपकडीत सापडलेला सोमनाथ सूर्यवंशी हा वडार समाजातला कायद्याचा विद्यार्थी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मेला. अनेक जखमांमुळे बसलेला धक्का, असे शवविच्छेदनात कारण नोंदले गेले. गुन्हा नोंदवा, एवढा आदेश मिळवायला जुलै २०२५ उजाडला, आणि तो उच्च न्यायालयाकडून मिळवावा लागला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथेही आदेश कायम राहिला. कायदा शिकणाऱ्या मुलाची ही गत, तर कलमाचे नावही ठाऊक नसलेल्या मजुराचे काय?

म्हणून शिक्षक मित्रांना एवढेच सुचवायचे आहे. ‘उचल्या’ शिकवताना शेजारी कलम १२२ ठेवा. ‘दाहक अनुभव’ हा शब्द फळ्यावर लिहू नका. ह्या प्रसंगाची तक्रार कुठे करता आली असती, ती का झाली नाही, हे मुलांना लिहायला सांगा. आणि जो विद्यार्थी स्वतः अडवला गेला आहे, त्याला तारीख, वेळ, ठिकाण आणि उच्चारले गेलेले शब्द वहीत उतरवून ठेवायची सवय लावा. त्यातून आत्मकथन होईल की फिर्याद, हे पुढे ठरेल. आज ती वही कोरी आहे.