गाडीतली चांगली सीट कुणाची?

एकाच अष्टकोनी बिल्ल्याच्या दोन गाड्या. एक एमजी टीसी, १९४५ ते १९४९ या काळात इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनला बनलेली. दुसरी एमजी एम९, जुलै २०२५ मध्ये भारतात आलेली, सुमारे ७० लाखांची इलेक्ट्रिक मिनीव्हॅन. मधल्या काळात मालक बदलले. ब्रँड आता चिनी कंपनीचा, भारतात जेएसडब्ल्यू भागीदार. बिल्ला तेवढा टिकला.

टीसीचं इंजिन १२५० सीसी, ताकद ५४ अश्वशक्ती. आजची साधी हॅचबॅकही तिला मागे टाकेल. दारांना काचा नाहीत. पाऊस आला की कापडी छत ओढायचं आणि बाजूला पडदे अडकवायचे. पुढची काच मात्र चक्क आडवी पाडता येते. डिसेंबरच्या पहाटे पाम बीच रोडवर अशी गाडी काढली तर खाडीचा वारा थेट तोंडावर. जुलैमध्ये तीच गाडी म्हणजे शिक्षा. आणि सीटा दोनच. तिसरं माणूस या गाडीच्या कल्पनेतच नाही. रोडस्टरप्रेमी याला स्वातंत्र्य म्हणतात. मला त्यात थोडा आप्पलपोटेपणाही दिसतो.

एम९ त्या मानाने मनाने मोठी. सात माणसं, बटणावर सरकणारी दारं. गुडघे दुखणाऱ्या आजीला एसयूव्हीत चढवताना घरात जी कसरत होते, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना या दाराची किंमत वेगळी सांगायला नको.

पण तिची सगळ्यात चांगली जागा कुठे आहे? दुसऱ्या रांगेत. कंपनी तिला ‘प्रेसिडेन्शियल सीट’ म्हणते: १६ प्रकारे हलणारी, ८ प्रकारे मसाज करणारी. टीसीत सगळी मजा स्टिअरिंगमागे होती. इथे स्टिअरिंगमागे बहुधा पगारी माणूस बसणार. सीवूड्सच्या एखाद्या टॉवरखाली साहेब उतरेपर्यंत ताटकळणारा.

हा दोष मिनीव्हॅनच्या आकाराचा नाही. गणपतीला खारघरहून कोकणात निघालेली अर्टिगा बघा. तीही सात जणांचीच. पण गाडी काकाच चालवतो, एसीवरून भांडतो, गाणी बदलू देत नाही आणि पेणला वडापावसाठी सगळ्यात आधी तोच उतरतो. चालवणारा घरचाच असतो. ७० लाखांच्या गाडीने नेमकं हेच बदललं आहे. बसणारा आणि चालवणारा एकमेकांपासून तोडले आहेत, आणि त्या तोडण्यालाच ऐषआराम म्हटलं आहे.

गंमत म्हणजे ज्या शोरूममध्ये एम९ मिळते, तिथेच सायबरस्टर नावाची दोन सीटांची उघडी इलेक्ट्रिक रोडस्टरही ठेवलेली असते. किंमत एम९पेक्षा थोडी जास्तच. सोमवार ते शनिवार मागे बसायचं, आणि रविवारी स्वतः गाडी चालवण्याची हौस वेगळे पैसे मोजून भागवायची.