मुक्तस्रोत एआय कोडलेखन साहाय्यक : निवडीच्या निकषांची चिकित्सा

प्रस्तावना : सॉफ्टवेअर विकसकांना कोड लिहिण्यास मदत करणारे एआय साहाय्यक आता महाविद्यालयीन प्रयोगशाळांतही पोहोचले आहेत. त्यांपैकी अनेकांस 'मुक्तस्रोत' हे विशेषण लावले जाते. तथापि हे विशेषण नेमके कशाचे, याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात या दृष्टीने निवडीच्या निकषांची चिकित्सा केली आहे.

विवेचन : अशा साहाय्यकाचे तीन स्तर संभवतात : विकसक प्रत्यक्ष हाताळतो ते साधन, त्यामागील भाषिक मॉडेल आणि मॉडेलच्या प्रशिक्षणाची विदा. 'एडर' हे साधन अपाचे २.० परवान्याखाली उपलब्ध आहे. परंतु त्यास बंदिस्त मॉडेलही जोडता येते. तसे केल्यास कोड बाहेरील सर्व्हरवर जातो आणि साधनाचे मुक्तपण नाममात्र उरते.

मॉडेलच्या स्तरावर भेद अधिक सूक्ष्म आहेत. मिस्ट्रल कंपनीचे 'कोडस्ट्रल' २०२४ मध्ये प्रसृत झाले तेव्हा ते उतरवून घेता येत होते. मात्र मूळ परवान्यात व्यावसायिक वापरास मनाई होती. अलीबाबाच्या 'क्वेन २.५-कोडर'चे ३२ अब्ज प्राचलांचे मॉडेल अपाचे परवान्याखाली आहे. पण त्याची प्रशिक्षण-विदा खुली नाही. याउलट 'स्टारकोडर' (२०२३) या मॉडेलची 'द स्टॅक' ही विदा प्रसिद्ध असून, आपला कोड तीतून वगळण्याची सोय विकसकांना देण्यात आली. पण त्याच्या परवान्यात वापरावर काही निर्बंध आहेत. म्हणजे जेथे परवाना मुक्त तेथे विदा अज्ञात आणि जेथे विदा ज्ञात तेथे परवाना सशर्त, असा हा पेच आहे. ओपन सोर्स इनिशिएटिव्हने २०२४ मध्ये केलेल्या व्याख्येत विदेविषयी पुरेशी तपशीलवार माहितीही अपेक्षिली आहे, ती याचसाठी.

गुणांकनाचा निकषही मर्यादित आहे. 'ह्यूमनइव्हॅल' या प्रसिद्ध चाचणीत (२०२१) पायथॉन भाषेतील केवळ १६४ छोटे प्रश्न आहेत आणि ते सर्वांस उपलब्ध आहेत. जुन्या, विस्तृत प्रणालीतील दोष शोधण्याची क्षमता त्यांवरून सिद्ध होत नाही.

समारोप : म्हणून कोड कोठे जातो, प्रत्येक स्तराचा परवाना काय सांगतो आणि स्वतःच्या कामावर साहाय्यक कसा उतरतो, या क्रमाने परीक्षण व्हावे; प्रसिद्ध गुणांक त्यानंतर पाहावेत. 'मोफत' आणि 'मुक्त' यांतील अंतर अध्यापकांनीच दुर्लक्षिले, तर विद्यार्थी तीच गफलत घेऊन व्यवसायात उतरतील.