चित्रांचा कंठ

आमच्या महाविद्यालयांतील कांहीं विद्यार्थी दर शनिवारीं सायंकाळीं एकत्र जमून, ज्यांस घरोघरीं मुलें ‘कार्टून’ म्हणतात ते चित्रपट पाहतात, असें आमच्या कानीं आलें तेव्हां आम्हीं त्याकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. बाळपणीं सोडावयाचा छंद विशींतही सुटला नाहीं, एवढाच अर्थ आम्हीं त्यांतून काढला. पुढें त्यांच्या आग्रहास्तव एके शनिवारीं आम्ही तेथें गेलों, आणि जें पाहिलें, किंबहुना जें ऐकलें, त्यामुळें आमचें मत पालटलें.

मंडळींनीं पडदा झांकून ठेविला होता. नुसते आवाज ऐकूं येत होते, आणि हा आवाज कोणाचा, याच नटानें दुसरें कोणतें पात्र उभें केलें आहे, यावर वाद रंगला होता. नंतर तोच प्रसंग आवाज बंद करून दाखविण्यांत आला. पहिल्या वेळीं पात्र अर्धें वाटलें होतें. दुसऱ्या वेळींही तें अर्धेंच वाटलें. एका विद्यार्थिनीनें आम्हांस सरळच विचारिलें, “सर, यांत नट कोण? चित्र काढणारा कीं बोलणारा?” तिला तेथल्या तेथें उत्तर देणें आम्हांस साधलें नाहीं. तें आज देऊं पाहतों.

भरतमुनींनीं अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. रंगभूमीवर हे चारही एकाच देहांत नांदतात. म्हणून त्यांची वांटणी करण्याचा प्रसंग टीकाकारावर सहसा येत नाहीं. ॲनिमेशनपटांत मात्र ही वांटणी आधींच झालेली असते. चालणें, बसणें, भुंवई उचलणें हें सर्व चित्रकाराच्या हातून उतरतें, वेषभूषाही त्याचीच. वाणी तेवढी दुसऱ्याची. मग सात्त्विक अभिनय कोणाचा? अश्रु, रोमांच, स्वेद, कंप यांसारखे सात्त्विक भाव चित्रकार रेखाटूं शकतो. पण आठांपैकीं एक असा आहे कीं, जो कोणत्याही रेषेनें काढतां येत नाहीं. तो म्हणजे स्वरभंग. दाटून आलेला कंठ ऐकावाच लागतो.

चित्रांस आवाज देण्याची कला आपल्याकडे अपरिचित नाहीं. सिंधुदुर्गांतील पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथीचें एकेक चित्र पुढें करीत रामायण-महाभारतांतील आख्यानें गातात, आणि राजा, राक्षस, स्त्री, बालक या सर्वांचें बोलणें एकाच कंठांतून निघतें. फरक इतकाच कीं, तो कंठ कोणाचा हें प्रेक्षक समोर पाहत असतात. चित्रपटानें चित्र हलतें केलें आणि त्याबरोबर बोलणाऱ्यास दृष्टीआड केलें. दृष्टीआड झालेला मनुष्य स्मृतीआड होण्यास वेळ लागत नाहीं.

वॉल्ट डिस्ने यांचा ‘स्नो व्हाईट’ १९३७ च्या डिसेंबरांत प्रथम दाखविला गेला. नायिकेस ज्या तरुण गायिकेनें कंठ दिला, त्या ॲड्रियाना कॅसेलोटीचें नांव पडद्यावर कोठेंही नव्हतें. स्वतः डिस्ने १९२८ पासून अनेक वर्षें मिकी माउसचा आवाज काढीत असत. म्हणजे या कामाची किंमत त्यांस ठाऊक नव्हती असें म्हणवत नाहीं. वॉर्नर ब्रदर्सच्या चित्रांत बग्ज बनी, डॅफी डक, पॉर्की पिग यांस बोलतें करणाऱ्या मेल ब्लँकचें नांव १९४० नंतरच्या दशकांत पडद्यावर येऊं लागलें. परंतु त्याच चित्रांत एल्मर फड हा शिकारी रंगविणारा आर्थर क्यू. ब्रायन अनामिकच राहिला.

या ब्लँकविषयींची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. १९६१ च्या जानेवारींत मोटारीच्या भीषण अपघातानंतर तो सुमारें दोन आठवडे बेशुद्ध होता. त्याच्या नांवानें हांका मारून कांहीं होईना, तेव्हां डॉक्टरांनीं बग्ज बनीस उद्देशून प्रश्न केला, आणि उत्तर बग्जच्याच आवाजांत आलें! ही गोष्ट ऐकून लोक हंसतात. आम्हांस मात्र तींत या कलेविषयींचें एक सत्य दिसतें. सोंग वरवरचें असतें तर शुद्धीबरोबर तेंही गेलें असतें.

आवाज आधीं कीं चित्र आधीं, या प्रश्नाचें उत्तर देशपरत्वें भिन्न आहे. अमेरिकेंत बहुधा आवाज आधीं मुद्रित होतो. चित्रकार तो पुनःपुन्हां ऐकतो आणि त्याबरहुकूम ओंठांच्या हालचाली काढतो. जपानांत बहुधा याच्या उलट रीत आहे. तेथें नट पडद्याकडे पाहत, पात्राच्या ओंठांशीं आपला श्वास जुळवीत बोलतो. पहिल्या रीतींत चित्र वाणीच्या मागून जातें, दुसरींत वाणी चित्राच्या मागून. जपानांत या नटवर्गास ‘सेइयू’ असें स्वतंत्र नांव आहे. १९३६ सालीं जन्मलेल्या मासाको नोझावा या बाईंनीं १९८६ पासून ‘ड्रॅगन बॉल’मधील गोकू हा पोरगा, पुढें तोच प्रौढ झालेला, शिवाय त्याचे मुलगेही, आपल्या कंठानें जिवंत ठेविले. बालगंधर्वांची स्त्रीभूमिका ज्यांच्या वडीलधाऱ्यांनीं डोळ्यांत सांठविली, त्या मराठी रसिकांस हें नवल समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यांचें सर्वांत लाडकें उदाहरण घराजवळचें आहे. मोगलीच्या कथा लिहिणारा किपलिंग मुंबईंत जन्मला; कथेंतील अरण्य शिवनीचें. त्यांवरून १९८९ सालीं जपानी कलावंतांनीं मालिका केली, आणि १९९३ सालीं दूरदर्शननें ती हिंदींत दाखविली. त्या शेरखानास कंठ दिला मराठी रंगभूमीवर घडलेल्या नाना पाटेकर यांनीं. चित्र एका देशाचें, भाषा दुसऱ्या प्रांताची, आणि शब्दावर वजन टाकण्याची लकब अस्सल मराठी नाटकांतली! तरीही तो वाघ कोठें उसवलेला वाटत नाहीं. त्याचा दरारा गर्जनेंत नाहीं, तर शब्द उच्चारण्यापूर्वीं तो जो क्षणभर थांबतो, त्यांत आहे.

येथें एक आक्षेप येईल. निरनिराळे आवाज काढणें ही नक्कल झाली. तिला कला कां म्हणावें? आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. दहा आवाज काढणारा बहुरूपी जत्रेंतही भेटतो. या छंदांतील पुष्कळ मंडळी आवाजांच्या संख्येवरच भुलतात, हा त्यांचा पहिला दोष. कसोटी आवाज किती, ही नव्हे; त्या आवाजामागें एखादें मन आहे कीं नाहीं, ही होय.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. १९९२ च्या ‘अल्लादीन’ चित्रपटांतील जिनीस रॉबिन विल्यम्सनें आवाज दिला, हें त्या सभेंत सर्वांस तोंडपाठ होतें. तोच जिनी ज्याच्या देखरेखीखालीं रेखाटला गेला, त्या एरिक गोल्डबर्गचें नांव आम्हीं विचारिलें, तेव्हां सर्वत्र शांतता पसरली. एकेकाळीं कंठाची उपेक्षा झाली म्हणून आतां हाताची करावी, हा न्याय नव्हे. त्यांतून प्रख्यात नटांचीं नांवें केवळ तिकिटें खपविण्यासाठीं जोडण्याची रूढी पडली आहे. तिनें तर ना हाताचें भलें होतें, ना कंठाचें.

आतां यंत्रही मनुष्याचा आवाज उचलूं लागलें आहे. २०२४ च्या जुलैंत अमेरिकेंतील नटांच्या संघानें व्हिडिओ गेमच्या धंद्यांत संप पुकारला, त्याचें एक मुख्य कारण हेंच होतें. यंत्र स्वरभंगाचीही हुबेहूब नक्कल करील. परंतु ज्याचा कंठ दाटावा असा तेथें कोणी असणार नाहीं. अशा वेळीं कंठामागचा मनुष्य ओळखणारे कान समाजांत असणें, ही करमणुकीपलीकडची गोष्ट आहे.

म्हणून त्या विद्यार्थिनीस आमचें उत्तर असें कीं, नट दोघे आहेत आणि पात्र एक. सात्त्विक अभिनय एकट्या हाताचाही नाहीं, एकट्या कंठाचाही नाहीं. एकानें दुसऱ्याचें मन जाणलें, तरच तो प्रकटतो. जेथें तें जाणलें गेलें नाहीं, तेथें ओंठ तंतोतंत हलूनही पात्र मुकेंच राहतें.

असो. त्या सायंकाळची एक गोष्ट मात्र आमच्या मनांत घर करून राहिली आहे. चित्रपट संपला, दिवे लागले, आम्ही उठूं लागलों. परंतु त्या मुलांपैकीं एकही जागचें हललें नाहीं. पडद्यावरून नांवांची लांबलचक यादी सरकत होती, आणि शेवटचें नांव जाईपर्यंत तीं सर्व निमूटपणें ती वाचीत होतीं. आम्ही पुन्हां खालीं बसलों.