‘गोधड’ आणि सामाजिक कवितेची कसोटी

मराठी काव्यविचारात ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद दीर्घकाळ गाजला. सामाजिक कवितेचा विचार आजही पुष्कळदा त्याच चौकटीत होतो. कवितेत समाजजीवनाचा आशय किती आणि त्यापायी काव्यगुणांची हानी किती, एवढेच पाहिले जाते. वाहरू सोनवणे यांच्या ‘गोधड’ (१९८७) या संग्रहापुढे ही कसोटी अपुरी पडते. कारण तेथे मुख्य प्रश्न आशयाचा नसून बोलण्याच्या अधिकाराचा आहे.

पूर्वी धुळे जिल्ह्यात असलेला आणि १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात मोडणारा शहादा परिसर ही या कवितेची भूमी होय. तेथील अनेक भिल्ल कुटुंबांच्या जमिनी सावकार व बडे शेतकरी यांच्या हाती गेल्या आणि एके काळचे मालक सालदार वा मजूर झाले. या अन्यायाविरुद्ध १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. स्वतः भिल्ल असलेले सोनवणे तिचे कार्यकर्ते होते. राजकीय जीवन हे त्यांच्या कवितेला दुरून न्याहाळण्याचे दृश्य नव्हे, ते तिचे नित्याचे जगणे आहे.

त्यांची ‘स्टेज’ ही कविता या दृष्टीने विचारार्ह आहे. दुःख भोगणारे खाली आणि त्याचे वर्णन करणारे वर, या साध्या मांडणीतूनच सत्तासंबंध प्रकट होतो. त्यासाठी वेगळे भाष्य करावे लागत नाही. शीर्षकाचा शब्दही अर्थपूर्ण आहे. ‘व्यासपीठ’ या शब्दाला पुराणकथनाच्या पावित्र्याची छाया आहे, तर ‘स्टेज’ हा गावोगावच्या सभांतून रुळलेला शब्द आहे. शिवाय कवितेचा रोख केवळ शासनाकडे नाही. शोषितांच्या बाजूने कळकळीने बोलणाऱ्यांनाही ती निरुत्तर करते.

अशा कवितेवर प्रचारकीपणाचा आक्षेप घेतला जातो. जेथे प्रसंग विरून केवळ घोषणा उरते, तेथे तो मान्यच करावा लागेल. परंतु ‘स्टेज’मध्ये विचार प्रसंगापासून वेगळा काढता येत नाही.

खानदेशच्याच बहिणाबाई चौधरींचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. त्या निरक्षर होत्या. त्यांची गाणी आप्तांनी टिपून ठेवली आणि त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती प्रसिद्ध झाली. अभिजनांनी त्यांचे मनःपूर्वक स्वागत केले. परंतु त्या स्वागताला उत्तर देण्यास कवयित्री हयात नव्हती. सोनवणे यांनी भिलोरी व मराठी या दोन्ही भाषांत स्वतः लिहून स्वागत करणाऱ्यांनाच प्रश्न विचारला.

तो प्रश्न समीक्षेलाही चुकत नाही. विद्यापीठीय अभ्यासकही एका स्टेजवरच उभा असतो. ‘ही कविता किती सामाजिक आहे?’ असे विचारण्यापूर्वी ‘येथे कोण बोलतो आणि कोणाला ऐकावे लागते?’ असे त्याने विचारले पाहिजे. या प्रश्नाला बगल देणारे मूल्यमापन, त्याची परिभाषा कितीही काटेकोर असली तरी, अपुरेच राहील.