नामांतर, नामविस्तार आणि समेटाचे व्याकरण

एखाद्या सार्वजनिक संस्थेचे नाव हा वाङ्मयीन समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न उपस्थित झाला तर आपल्याकडील बहुतेक समीक्षक तो समाजशास्त्राच्या दाराशी नेऊन ठेवतील. पाटीवरची चार-पाच पदे म्हणजे संहिता नव्हे, अशी आपली समजूत आहे. परंतु ज्या चार-पाच पदांसाठी माणसे मारली गेली, वस्त्या जाळल्या गेल्या आणि महाविद्यालयांतील मुलांची एक पिढी तुरुंगात जाऊन आली, ती पदे निव्वळ पाटी राहत नाहीत. त्यांना पाठभेद असतात, संपादक असतात आणि वाचकांचे परस्परविरोधी गटही असतात. महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. १४ जानेवारी १९९४ रोजी ते विद्यापीठ ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ झाले. पहिल्या कृतीचे नाव ‘नामांतर’, दुसरीचे ‘नामविस्तार’. या दोन शब्दांमधील साडेपंधरा वर्षांच्या अंतराचे वाचन करण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

भाषेच्या तत्त्वज्ञानात नाव ठेवण्याच्या क्रियेला विशेष स्थान आहे. बोलणे हेच जेथे करणे असते अशा विधानांची चर्चा करताना जे. एल. ऑस्टिन यांनी जहाजाच्या नामकरणाचे उदाहरण घेतले. योग्य व्यक्तीने, योग्य प्रसंगी, मान्य रीतीने ‘मी या जहाजाला अमुक नाव देतो’ असे म्हटले की नाव पडते. अट चुकली की उक्ती वाया जाते. १९७८च्या ठरावाकडे या दृष्टीने पाहिले तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. उच्चारणारे अधिकृत होते, स्थळ अधिकृत होते, रीत संसदीय होती. तरीही नाव पडले नाही. ठरावापाठोपाठ मराठवाड्यातील खेड्यांत दलितांवर हल्ले सुरू झाले. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे त्यात मारले गेले, आणि ठराव कागदावर राहिला. ऑस्टिन यांच्या विवेचनात उक्ती फसण्याची कारणे बहुधा उच्चारणाऱ्याच्या बाजूला शोधली जातात. येथे ती ऐकणाऱ्या समाजाच्या रचनेत होती. ज्या गावात गावठाण आणि महारवाडा यांच्यातील अंतर पावलांनी मोजता येते, तेथे विधिमंडळाच्या शब्दाला आधी ते अंतर ओलांडावे लागते.

अर्थात, ऐकणारा समाज म्हणजे एकसंध खलपक्ष नव्हे. आंबेडकरी चळवळीविषयी आस्था असलेल्या लेखनात ‘विरोधक’ हा शब्द इतक्या सहज येतो की त्यामागील स्मृती वाचायची राहून जाते. ‘मराठवाडा’ हे पद निजामी राजवटीविरुद्धच्या लढ्यातून आलेल्या अस्मितेचे पद होते, आणि त्या लढ्याचे एक उगमस्थान विद्यार्थीच होते. १९३८मध्ये वंदे मातरम् म्हणण्यावरून औरंगाबादच्या महाविद्यालयात आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात विद्यार्थ्यांनी संघर्ष केला, शिक्षणसंस्थांतून काढून टाकले जाणे पत्करले, आणि त्यांतील अनेकांनी पुढे नागपूरला जाऊन शिक्षण घेतले. नामांतराला विरोध करणाऱ्यांत गोविंदभाई श्रॉफ आणि ‘मराठवाडा’ पत्राचे संपादक अनंत भालेराव ही हैदराबाद मुक्तिसंग्रामातील माणसे होती, हे विसरून चालणार नाही. १९७४च्या मराठवाडा विकास आंदोलनातही विद्यार्थीच आघाडीवर होते. म्हणजे ज्याला आपण विद्यार्थी चळवळ म्हणतो तिचे येथे दोन प्रवाह होते, आणि दोघांपाशी आपापल्या त्यागाची कथा होती.

दुसऱ्या प्रवाहाची कथा नागसेनवनातून सुरू होते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे मिलिंद महाविद्यालय १९५०मध्ये औरंगाबादेत उभे राहिले. ज्यांच्या घरात पूर्वी अक्षर नव्हते अशा मुलांना या प्रदेशात उच्च शिक्षणाची वाट तेथे मिळाली. पहिले दलित साहित्य संमेलन मुंबईत भरले ते १९५८मध्ये, आणि मराठवाडा विद्यापीठाची स्थापनाही त्याच वर्षीची. या योगायोगावर फार भार टाकू नये. पण दलित साहित्याची चर्चा पुढे ज्या शहरातून ‘अस्मितादर्श’ने चालवली, तेच शहर नामांतराच्या वादाचे केंद्र झाले, हा मात्र योगायोग नव्हता. लिहू लागलेला विद्यार्थी ज्या संस्थेत शिकतो तिच्या दारावर स्वतःच्या अक्षरओळखीचा कर्ता लिहिलेला पाहू इच्छितो. या मागणीत केवळ भावना पाहणाऱ्यांनी तिच्यातील कर्तृत्वविचार ध्यानात घेतला नाही. प्रश्न संस्थेच्या कर्तेपणाचा, वाङ्मयाच्या परिभाषेत सांगायचे तर संहितेवर सही कोणाची, याचा होता.

१९९४च्या तोडग्याने हा प्रश्न कसा सोडवला? व्याकरणाने. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ या पदसमूहाचा विग्रह करू पाहावा तर पंचाईत होते. व्यक्ती आणि प्रदेश यांचा द्वंद्व म्हणावा तर ‘आणि’ कोणालाच अभिप्रेत नाही. पहिले पद दुसऱ्याचे विशेषण मानावे तर जुने विद्यापीठ अबाधित राहून त्यापुढे केवळ उपाधी लागते. ‘मराठवाडा’ हेच विशेषण मानावे तर आंबेडकर विद्यापीठ मराठवाड्यात आहे एवढाच पत्ता उरतो. एका पक्षाने पहिली तीन पदे वाचून थांबावे, दुसऱ्याने शेवटच्या दोन पदांपासून सुरुवात करावी, आणि मधल्या जागेविषयी कोणी बोलू नये अशी ही रचना आहे. समेटाची संहिता म्हणून ती कुशल आहे, यात शंका नाही. दिवसही मकरसंक्रांतीचा. गोड बोलण्याच्या दिवशी केलेली ही घोषणा योगायोगाची होती की योजनेची, हे ठरवण्याची समीक्षकाला गरज नाही. वाचकाने तिळगुळाची आठवण काढली तर तो अर्थ संहितेबाहेरचा म्हणता येणार नाही. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तीच्या तारखेस, नांदेड येथे ‘स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ’ अस्तित्वात आले. मुक्तिसंग्रामाच्या नेत्यालाही नाव मिळाले, ‘मराठवाडा’ तेथेही राहिला. स्मृती दोन होत्या. विद्यापीठे दोन झाली.

येथे थोडे दूर पाहणे उपयोगी ठरेल, कारण विद्यार्थ्यांच्या चळवळीनंतर राज्यसंस्था समेट कसा करते हा प्रश्न त्याच काळात मध्य युरोपातही उभा होता. १९७८मध्येच वाक्लाव हावेल यांनी ‘सत्ताहीनांची सत्ता’ हा प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यातील भाजीविक्रेता दुकानाच्या काचेत कामगारांच्या एकजुटीची घोषणा लावतो. ती ना तो वाचतो ना गिऱ्हाईक. अर्थ नाहीसा झालेली पाटी हा साम्यवादी राजवटीचा गाभा आहे, असे हावेल दाखवतात. त्याच वर्षी आपल्याकडे एका पाटीत अर्थ मावेनासा झाला होता, ही तुलना मला बोधप्रद वाटते. १७ नोव्हेंबर १९८९ रोजी प्रागमध्ये, नाझींनी पन्नास वर्षांपूर्वी मारलेल्या एका विद्यार्थ्याच्या स्मरणार्थ निघालेल्या विद्यार्थ्यांच्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि राजवट कोसळण्यास आरंभ झाला. पुढे चेकोस्लोव्हाकियाने १९९१च्या कायद्याने जुन्या राजवटीच्या गुप्त हस्तकांना व वरिष्ठ पदाधिकाऱ्यांना सार्वजनिक पदांपासून दूर ठेवण्याचा मार्ग धरला. पोलंडमध्ये पंतप्रधान माझोविएत्स्की यांनी भूतकाळाखाली जाड रेघ ओढण्याची भाषा केली. लाइपझिगची कथा आपल्याला अधिक जवळची आहे. तेथील विद्यापीठाला १९५३मध्ये कार्ल मार्क्सचे नाव दिले गेले आणि १९९१मध्ये काढले गेले. पण वजाबाकीने हिशेब मिटला नाही. विद्यापीठाचे जुने चर्च राजवटीने १९६८मध्ये सुरुंग लावून पाडले होते. त्या जागी उभ्या राहिलेल्या वास्तूला सभागृह म्हणायचे की चर्च, यावर अनेक वर्षे वाद चालला, आणि २०१७मध्ये ती उघडली तेव्हा तिच्या नावात ‘पाउलिनुम’, ‘सभागृह’ आणि ‘विद्यापीठ-चर्च’ ही तिन्ही पदे एकापुढे एक ठेवावी लागली. लाइपझिगलाही अखेर नामविस्तारच करावा लागला, असे म्हणावयास हरकत नाही.

ही बेरजेची रीत महाराष्ट्रात पुढे इतकी रुळली की तिच्या मुळाशी काय होते याचे भान राहिले नाही. पुणे विद्यापीठ २०१४मध्ये ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ’ झाले. जळगाव आणि सोलापूर येथील विद्यापीठांची नावेही पुढील काही वर्षांत याच साच्यात बसवली गेली. प्रदेशाचे पद कायम, व्यक्तीचे पद अगोदर. माझ्या वर्गात रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आलेल्या कुटुंबांतील मुले असतात. त्यांतील काहींचे मूळ गाव परभणी, जालना किंवा बीड जिल्ह्यात. त्यांच्या गुणपत्रिकेवर सावित्रीबाईंचे नाव छापलेले असते. दलित साहित्यावरील तासाला ‘नामांतर’ हा शब्द आला तेव्हा त्यांतील एकाने विचारले, “सर, नाव तर सगळीकडे असंच वाढवतात ना? मग भांडण कशाचं होतं?” प्रश्न निरागस होता, आणि समेट किती यशस्वी झाला याचे याहून चांगले प्रमाण मिळणार नाही. यशस्वी समेट स्वतःचे कारण पुसून टाकतो. आणि तरीही हे खेडे ज्या पुणे-नगर रस्त्यावर आहे, त्याच रस्त्यावर पुण्याच्या दिशेने भीमेकाठी एक स्तंभ उभा आहे. त्यावर १८१८च्या लढाईतील सैनिकांची नावे कोरलेली आहेत. १९२७मध्ये आंबेडकर तेथे गेले, आणि १ जानेवारी २०१८ रोजी त्याच परिसरात हिंसाचार झाला. कोरलेली नावे कोणाची आणि ती कोणी वाचायची, हा प्रश्न बेरजेने मिटलेला नाही, हे या मुलांना वर्गाबाहेर कळतेच.

लोकभाषेने मात्र या दोन शब्दांची वाटणी फार सूक्ष्मपणे केली आहे. दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी जनसमुदाय जमतो, तो ‘नामविस्तार दिना’साठी. परंतु ज्यांनी जीव दिला ते ‘नामांतर शहीद’. १९९३मध्ये नांदेड येथे स्वतःला जाळून घेणारे गौतम वाघमारे या शब्दानेच स्मरले जातात. ‘नामविस्तार शहीद’ असे कोणी म्हणत नाही, म्हणता येणारही नाही. नागपूरहून १९७९मध्ये निघालेल्या लाँग मार्चची गाणी नामांतराची. तोडग्याला एक शब्द, त्यागाला दुसरा. शासकीय संहितेने मिटवलेला भेद मौखिक परंपरेने जपून ठेवला. ‘बामू’ या रोजच्या संक्षेपात तर आंबेडकर आणि मराठवाडा दोन्ही एकेका अक्षरात विरघळून गेले आहेत, पण तो विद्यार्थ्यांच्या घाईचा भाग झाला.

आता मूळ मुद्दा. नामविस्तार ही केवळ राज्यसंस्थेची रीत नाही. आपल्या वाङ्मयेतिहासाचीही तीच रीत आहे. मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात दलित साहित्य आले ते बहुतांशी स्वतंत्र, आणि अनेकदा ऐच्छिक, अभ्यासपत्रिका म्हणून. वाङ्मयाच्या इतिहासात त्याला प्रकरण मिळाले, बहुधा शेवटाकडचे. बाकीची प्रकरणे होती तशीच राहिली. हा विस्तार आहे, अंतर नव्हे. अंतर पडले असते तर आधीच्या पानांतील वाक्ये बदलावी लागली असती. एक साधे उदाहरण घेऊ. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या १९१५च्या ग्रंथात बलुतेदारांच्या ओळी, त्यांचे हक्क आणि कामे यांचे मामलेदारी नजरेतून केलेले तपशीलवार वर्णन आहे. ‘बलुते’ हा तेथे व्यवस्थेचा पारिभाषिक शब्द आहे. दया पवारांनी नामांतराच्या ठरावाच्याच वर्षी, १९७८मध्ये, आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हे नाव दिले. तोच शब्द आता हक्काचा न राहता जन्माने वाट्याला आलेल्या दुःखाचा झाला. आपण ही दोन पुस्तके दोन वेगळ्या अभ्यासपत्रिकांत शिकवतो. ‘बलुतं’ वाचल्यानंतर ‘गावगाडा’तील तेच पान पुन्हा उघडून, तेथील शांत, माहितीपर गद्याला काय झाले आहे, असे विचारत नाही. ते विचारले तर मराठी ग्रामीण गद्याच्या शैलीचा सारा विचार नव्याने मांडावा लागेल. ‘गोलपिठा’ने १९७२मध्ये नवकवितेच्या महानगराचे काय केले, हाही असाच लांबणीवर टाकलेला प्रश्न आहे.

यावर आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. बेरजेने जीव वाचतात. १९७८चा अनुभव पाहता, निखळ नामांतराचा आग्रह धरणाऱ्या समीक्षकाला वस्तीवर रात्र काढावी लागत नाही. ज्यांना काढावी लागते त्यांनी विस्तार स्वीकारला असेल तर त्यावर व्याकरणाची टीका करणे हा प्राध्यापकी चैनीचा प्रकार होय. हे मला मान्य आहे. राज्यसंस्थेने अर्धा अर्थ सोडून शांतता विकत घ्यावी. तिचे ते कामच आहे. परंतु वाङ्मयेतिहासावर असे कोणतेही संकट नाही. ‘गावगाडा’ पुन्हा वाचल्याने कोणाचे घर जळत नाही. राजकीय समेटाची सवलत समीक्षेने स्वतःसाठी उचलणे हे सावधपणाचे नव्हे, सोयीचे आहे.

या सोयीची किंमत सर्वांत जास्त मोजली ती त्या काळातील विद्यार्थ्यांच्या लेखनाने. पत्रके, भिंतींवरच्या घोषणा, वसतिगृहांतील हस्तलिखिते, मोर्चातील गाणी, महाविद्यालयीन नियतकालिकांतील कविता असा मोठा मजकूर त्या साडेपंधरा वर्षांत निर्माण झाला. आत्मकथने प्रतिष्ठित झाली, कारण त्यांना लेखक होता आणि प्रकाशक होता. हा मजकूर बहुधा निनावी, घाईचा, एकमेकांच्या ओळी उचलणारा. आपल्या सौंदर्यविचारात त्याला बसवायला जागा नव्हती. विरोधी बाजूच्या विद्यार्थी कृती समित्यांची पत्रकेही याच मजकुराचा भाग आहेत, आणि ती वगळून केलेला कोणताही संग्रह पुन्हा एकाच बाजूचे स्मारक ठरेल. दोन्ही बाजूंची पत्रके तारीखवार एकापुढे एक लावली, तर ‘अस्मिता’ हा शब्द दोघांनी कसा वापरला, ‘मराठवाडा’ केव्हा प्रदेश असतो आणि केव्हा जात असते, ‘नाव’ केव्हा सन्मान आणि केव्हा मालकी होते, हे वाक्यावाक्यांतून तपासता येईल. स्वस्त कागदावर छापलेली ही पाने ज्यांच्या ट्रंकेत अजून आहेत ती माणसे आज साठी-सत्तरीच्या घरात आहेत. पीएच.डी.साठी नव्या विषयांचा तुटवडा आहे, अशी तक्रार ज्या विभागांतून ऐकू येते, त्यांनी निदान या ट्रंका उघडून घ्याव्यात.