प्रलयानंतरचा निवेदक

जॉर्ज मिलर या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाच्या 'मॅड मॅक्स' चित्रपटमालिकेची चर्चा बहुधा वेग, हिंसा आणि पेट्रोल यांच्यापाशीच थांबते. ही चर्चा गैर नसली, तरी अपुरी आहे. १९७९ ते २०२४ या काळातील पाचही चित्रपट सलग पाहिले, की या मालिकेचे आशयसूत्र निराळेच असल्याचे जाणवते. ग्रंथ आणि राज्यसंस्था लयाला गेल्यावर माणसे आपली हकिगत कशी जपतात, हा तिचा प्रश्न आहे.

पहिल्या चित्रपटात तो उद्भवत नाही. तेथे पोलीस, वकील, इस्पितळे अद्याप तग धरून आहेत. त्याला प्रलयोत्तर म्हणणे ही मागाहून झालेली सोय होय. 'मॅड मॅक्स २' (१९८१) मात्र एका वृद्धाच्या निवेदनाने सुरू होतो आणि शेवटी उमगते, की हा आवाज केवळ गुरगुरणाऱ्या त्या रानटी पोराचा आहे. ज्याच्यापाशी भाषाच नव्हती, तोच टोळीचा नायक आणि तिच्या स्मृतीचा रक्षक झाला. मॅक्सने जिवावर उदार होऊन हाकलेल्या टँकरमध्ये इंधन नव्हे, वाळू होती. टोळीने त्याला फसविले होते. तरीही निवेदकाच्या स्मृतीत तो वीरच राहतो. वीराची निर्मिती पराक्रमाइतकीच सांगणाऱ्याच्या गरजेतून होते, हे मिलर येथे फार शांतपणे दाखवितो.

जॉर्ज ओगिल्वीसह दिग्दर्शित केलेला 'बियाँड थंडरडोम' (१९८५) बालिश म्हणून हिणविला गेला. वस्तुतः मालिकेची गुरुकिल्ली त्याच्यात आहे. विमान कोसळून रानात अडकलेली मुले कॅप्टन वॉकरची कथा मुखोद्गत करून त्याची वाट पाहतात, आणि मॅक्स दिसताच ती त्याच्यावर लादतात. 'तो मी नव्हे' हे त्याचे सांगणे त्यांना ऐकूच येत नाही. नायकाचे वय जुळत नाही, नष्ट झालेली मोटार पुन्हा अवतरते, अशा तक्रारी करणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा पाहावा. मौखिक कथा पंचांग पाळत नाही.

'फ्यूरी रोड'मध्ये (२०१५) कथेची काळी बाजू येते. इमॉर्टन जो याने स्वर्गाची कथा स्वतःच्या ताब्यात ठेवली आहे, आणि कोवळी पोरे आपल्या मरणाला साक्षीदार मागत मरतात. याउलट, मॅक्स आपले नाव सांगतो ते फ्यूरिओसाला स्वतःचे रक्त देताना. त्या एका शब्दाला जे वजन लाभते, ते दोन तासांच्या पाठलागामुळेच.

'फ्यूरिओसा' (२०२४) प्रत्येक रिकामी जागा भरू पाहतो. त्यामुळे पाच प्रकरणांचा हा पूर्ववृत्तांत मधल्या भागात जड होतो. शेवट मात्र असामान्य आहे. अंगभर अक्षरे गोंदवून घेतलेला इतिहासपुरुष डिमेंटसच्या अंताच्या अनेक कथा सांगतो. त्यांतील एक फ्यूरिओसाने स्वतः आपल्या कानात सांगितल्याचा त्याचा दावा आहे: जिवंत डिमेंटसच्या देहात रुजलेले पीचचे झाड. तीवर विश्वास ठेवावा की नाही, हे मिलर सांगत नाही.