पडद्यावरचे आकडे आणि आतल्या पायऱ्या

जुना कॅथोड किरण नळीचा ऑसिलोस्कोप ज्यांनी वापरला आहे, त्यांना त्याच्या पडद्यावरची जाड हिरवी रेष आठवत असेल. वाचनावर किती विश्वास ठेवायचा हे त्या जाडीवरूनच विद्यार्थ्याला कळे. आज प्रयोगशाळेत आलेल्या डिजिटल ऑसिलोस्कोपची रेष बारीक असते आणि तिच्याखाली '११.८७ व्होल्ट' असा ठसठशीत आकडा उमटतो. विद्यार्थी तो तसाच वहीत उतरवतात. या आकड्याबद्दल आक्षेप आहेच. पण त्याहून मोठा आक्षेप माहितीपत्रकाच्या आतल्या पानावर दडलेल्या एका ओळीबद्दल आहे.

आधी आकडा पाहू. बहुतेक स्वस्त उपकरणांत येणारा व्होल्टेज ८ बिटांत मोजला जातो, म्हणजे त्याच्या फक्त २५६ पायऱ्या होतात. पडद्यावर उभी ८ घरे असतात. दर घराला २ व्होल्ट ठेवले, तर १६ व्होल्टचे २५६ भाग, म्हणजे एक पायरी सुमारे ६३ मिलिव्होल्टची. मग ११.८७ मधला शेवटचा ७ आला कुठून? अनेक नमुन्यांची सरासरी काढून. सरासरीने बारकावा वाढतो हे खरे, पण त्यासाठी संकेतात थोडा गोंगाट असावा लागतो. शांत संकेत एकाच पायरीवर बसून राहिला, तर हजार नमुने घेऊनही नवे काही कळत नाही. शिवाय अचूकता हा वेगळाच मुद्दा आहे. महाविद्यालयांत लोकप्रिय झालेल्या रायगोल डीएस१०५४झेडच्या माहितीपत्रकात ती पूर्ण पट्टीच्या ±३ टक्के दिली आहे. १६ व्होल्टचे ३ टक्के म्हणजे ०.४८ व्होल्ट! ७ तर सोडाच, त्याच्या आधीच्या ८ वरही भिस्त ठेवता येत नाही. साधा मल्टिमीटर या कामात सरस ठरतो.

आता ती दडलेली ओळ. समजा, १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर ३० मिलिव्होल्टचा रिपल आहे. वरच्या पट्टीवर तो अर्ध्या पायरीतच हरवतो. विद्यार्थी म्हणेल, पट्टी लहान करू. दर घराला १० मिलिव्होल्ट ठेवले की पायरी ०.३ मिलिव्होल्टची होईल. बरोबर, पण मग १२ व्होल्टची पातळी पडद्याच्या कितीतरी वर जाते. तिला खाली आणण्यासाठी ऑफसेटचे बटण असते, आणि इथेच गाडी अडते. याच उपकरणात दर घराला ५०० मिलिव्होल्टच्या खालच्या पट्ट्यांवर ऑफसेट फक्त ±२ व्होल्टपर्यंत मिळतो; ५०० आणि त्यावरच्या पट्ट्यांवर ±१०० व्होल्ट. कारण सोपे आहे. लहान पट्टीवर संकेत न घटवता थेट प्रवर्धकाकडे जातो, आणि त्या प्रवर्धकाला काही व्होल्टच झेपतात. मोठ्या पट्टीवर जाताना 'टक्' असा आवाज येतो तो रिलेचा. तो संकेत आधी घटवतो. ऑफसेट वाढतो, पण बारकावा जातो. म्हणजे जिथे ऑफसेट हवा, नेमका तिथेच तो तुटपुंजा.

यात लबाडी नाही, तडजोड आहे. ती टाळता येत नव्हती असे मात्र नाही. टेक्ट्रॉनिक्सच्या ७००० मालिकेतील ७ए१३ या जुन्या प्लग-इनमध्ये दर घराला १ मिलिव्होल्ट ठेवूनही ±१० व्होल्ट वजा करता येत. अर्थात ते महागडे यंत्र होते. आजच्या स्वस्त यंत्राकडून तेवढी अपेक्षा नाही. पण बँडविड्थ आणि नमुन्यांचा वेग पहिल्या पानावर ठळक छापायचा आणि ही मर्यादा आत तक्त्यात ठेवायची, हे शिक्षकांच्या सोयीचे नाही. १२ बिटांची, म्हणजे ४०९६ पायऱ्यांची उपकरणे आता स्वस्त झाली आहेत, तीही घेताना ही ओळ वाचावीच लागेल.

यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे 'एसी कपलिंग'. रिपल पाहायला तो उत्तम, कारण आपल्याकडे पूर्ण-तरंग एकदिशकारकाचा रिपल १०० हर्ट्झचा असतो. पण एसी कपलिंग सुमारे ५ हर्ट्झखालचे सारे गाळते. १२ व्होल्टच्या बॅटरीवर मोटर जोडली आणि व्होल्टेज ०.२ व्होल्टने उतरून दोन सेकंद तसाच राहिला, तर पडद्यावर रेष खाली जाते आणि दहाव्या हिश्श्याच्या सेकंदातच पूर्वपदावर येते. विद्यार्थी लिहितो, 'बॅटरी लगेच सावरली.' वास्तविक तो वक्र बॅटरीचा नसून उपकरणातल्या कपॅसिटरचा असतो.

अशा वेळी डीसी कपलिंगच ठेवावे आणि १० पट घटवणारा प्रोब लावावा. मग ±२ चे ±२० व्होल्ट होतात आणि १२ व्होल्ट सहज वजा करता येतात. दर घराला ५० मिलिव्होल्ट ठेवले, तर पडद्यावर ०.४ व्होल्ट मावतात, पायरी १.६ मिलिव्होल्टची येते आणि बॅटरीचा उतार स्वच्छ दिसतो. उपकरणाचा स्वतःचा गोंगाट मात्र यात दसपट मोठा दिसतो. म्हणून २० मेगाहर्ट्झची बँडविड्थ मर्यादा चालू ठेवावी.